करा, करावे, करू नये

माझ्याकडे जुने वॉशिंग मशीन एकही नाही. जुन्या मशीनच्या माहितीपुस्तिका मात्र एकसष्ट आहेत. बहुतेक अमेरिकन, १९४० ते १९८० या काळातल्या; थोड्या ब्रिटिश; आणि अगदी मोजक्या आपल्याकडच्या. हे सांगितले की पहिला प्रश्न येतो, मग मशीनच का जमवत नाही? त्याचे उत्तर विजेत आहे. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि ६० सायकलची, आपली २३० व्होल्टची आणि ५० सायकलची. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरवता येते, पण त्याने सायकल बदलत नाही. तिकडच्या मशीनची मोटर इकडे सावकाश फिरेल. टायमरमधली घड्याळासारखी छोटी मोटर तर सायकल मोजूनच चालते, म्हणून आयोवातली दहा मिनिटांची धुलाई पुण्यात बारा मिनिटे चालेल. शिवाय तीन खोल्यांच्या घरात ही धुडे ठेवायची कुठे, हा प्रश्न आहेच. पुस्तिकेला यातले काही लागत नाही.

नाद लागला तो भाचीकडे आयोवात गेले असताना. तिकडे घरातले वडीलधारे माणूस गेले की कधी कधी अख्खे घर उघडे करून, वस्तूवस्तूला किमतीची चिठ्ठी लावून सामान विकतात. अशाच एका घरात स्वयंपाकघराच्या खणातला कागदांचा गठ्ठा मी दोन डॉलरला घेतला. त्यात एका मेटॅग मशीनची पुस्तिका होती, पावतीसकट जपलेली. मशीन केव्हाच गेले होते. पुस्तिकेत कापडांचा तक्ता होता आणि त्याच्या कडेला पेन्सिलीने कोणीतरी बारीक अक्षरात भर घातली होती. एका ठिकाणी ‘पडदे’ असे लिहून ते खोडले होते. मी आयुष्यभर मराठी शिकवले. समासात लिहिलेले दिसले की मजकूर वाचायचा, ही सवय सुटत नाही. त्या रात्री मी ती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि लक्षात आले की हे गद्य आहे. त्याला निवेदक आहे, श्रोता आहे, आणि त्या दोघांमधले नाते दर दशकाला बदलते आहे.

या लेखात त्या नात्याचा माग काढायचा आहे. आपण ललित नसलेले गद्य समीक्षेच्या दाराबाहेर ठेवतो. पण विसाव्या शतकात घराघरात जे छापील गद्य खरोखर पोचले त्यात पंचांग, पाकपुस्तक आणि यंत्रांच्या पुस्तिका यांचा वाटा कादंबरीपेक्षा कमी नसावा.

पाकपुस्तकाचे उदाहरण आधी घेते, कारण त्यात मराठीची एक खोच आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० ची. मराठी पाककृतीचे ठरीव क्रियापद ‘करावे’ हे आहे: चिरून घ्यावे, परतावे, झाकण ठेवावे. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. त्यात हुकूम नसतो, रीत असते. सांगणारीने ती कोणाकडून तरी घेतलेली असते आणि पुढे द्यायची असते. ‘करा’ म्हटले की समोर एक विशिष्ट माणूस उभा राहतो आणि त्याच्याशी माझे नाते काय हे ठरवावे लागते. ‘कर’ म्हटले तर आणखीच. इंग्रजीत हा पेच पडत नाही. तिथले आज्ञार्थी क्रियापद उघडेबोडके असते. ते राणीला, मोलकरणीला आणि लहान मुलाला एकाच रूपात सांगता येते. म्हणूनच या पुस्तिकांतले ‘तुम्ही’ नेमके कोण, हे इंग्रजी वाचकाच्या चटकन ध्यानात येत नाही. मराठी वाचकाला मात्र प्रत्येक वाक्याला अडखळायला होते, कारण मनातल्या मनात भाषांतर करताना तिला दर वेळी ‘कर’, ‘करा’ की ‘करावे’ हे निवडावे लागते. माझी सगळी पद्धत म्हणाल तर एवढीच आहे.

आता इतिहास, थोडक्यात. घरगुती स्वयंचलित मशीनची सुरुवात १९३७ पासून धरतात. त्या वर्षी बेंडिक्स कंपनीचे मशीन लुइझियानाच्या राज्य जत्रेत लोकांसमोर आले. पुढून कपडे घालायचे, गोल काचेचे दार, आत आडवा फिरणारा पिंप. कपडे टाकून, साबण घालून, खटका फिरवला की भिजवणे, धुणे, विसळणे, पिळणे हे सगळे आपोआप. मशीन जमिनीला बोल्टने आवळावे लागे, नाही तर पिळताना ते जागा सोडून चालू लागे. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत घरगुती धुलाई यंत्रांचे उत्पादन बंद झाले. युद्ध संपल्यावर १९४७ मध्ये वरून कपडे घालायची स्वयंचलित मशीन बाजारात आली. जनरल इलेक्ट्रिकचे त्याच वर्षीचे, आणि सीअर्सने केनमोर नावाने विकलेले, मिशिगनमधल्या कंपनीने बनवलेलेही त्याच वर्षीचे. ती कंपनी पुढे व्हर्लपूल झाली.

वरून उघडणाऱ्या मशीनच्या मधोमध पंखांचा एक खांब असतो, ॲजिटेटर. तो गोल फिरत नाही. अर्धवट इकडे, अर्धवट तिकडे, असा झटके देत राहतो. हे ज्याने पहिल्यांदा ऐकले त्याला नवल वाटेल, पण ज्या घरात दोरीची रवी होती त्या घराला वाटणार नाही. रवी एका दिशेने फिरवली तर ताक गरगर फिरेल, लोणी येणार नाही. मळाचेही तसेच आहे. जर्मनीतल्या मीले कंपनीने तर सुरुवातीला साय वेगळी काढायची आणि लोणी घुसळायची यंत्रे केली आणि १९०१ च्या सुमारास घुसळणीच्या पिंपावरूनच आपले पहिले धुलाई यंत्र बनवले. धुणे आणि घुसळणे यांचे नाते कोण्या इंजिनिअरला स्वप्नात सुचलेले नाही. दोन्ही कामे ज्या हातांनी होत होती त्या हातांना ते ठाऊक होते.

या पहिल्या टप्प्यातल्या, साधारण १९५५ पर्यंतच्या पुस्तिका वाचताना मी क्रियापदे ‘करावे’मध्ये वाचते, आणि ती तशी चपखल बसतात. कपडे रंगाप्रमाणे आणि जातीप्रमाणे निवडावेत. उसवलेले आधी शिवून घ्यावे, नाही तर भोक मोठे होते. खिसे उलटे करून झटकावेत. साखळ्या लावाव्यात. पाणी जड असेल तर साबण कसा वागतो हे पाहावे. कॉलर आणि बाही यांना मशीनच्या भरवशावर सोडू नये. आधी साबण चोळून ठेवावे. यातली एकही गोष्ट मशीनची नाही. हे धुण्याचे शास्त्र आहे, मशीन येण्याआधीचे, आणि ते मशीनच्या कंपनीने छापले याचे कारण साधे होते: विकत घेणारीला धुणे येत होते आणि मशीनला येते की नाही याची तिला शंका होती. तिचा विश्वास बसावा म्हणून कंपनीला तिच्या भाषेत बोलावे लागले. यांतल्या किती पुस्तिका बायकांनी लिहिल्या हे त्यांवरून कळत नाही, कारण लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नसते. पण मजकुरातले ज्ञान बायकांचे आहे.

त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग फेसाळ पाणी राखून ठेवण्याचा. काही मशीनमध्ये पहिल्या धुण्याचे साबणाचे पाणी शेजारच्या टाकीत सोडून, पुढच्या धुण्याला परत ओढून घ्यायची सोय असे. गरम पाणी आणि साबण दोन्ही वाचत. क्रम ठरलेला: आधी पांढरे, मग रंगीत, शेवटी शेतातले-कारखान्यातले मळके. तेच पाणी, उतरत्या स्वच्छतेने. आपल्याकडे मोरीत हाच क्रम होता. फक्त सुरुवातीला सोवळे असे आणि शेवटचे पाणी झाडांना किंवा फरशीला जाई. अमेरिकन समृद्धीचे प्रतीक म्हणून जी वस्तू मिरवली गेली तिच्या पुस्तिकेत अशी काटकसर सापडते तेव्हा बरे वाटते. पुढे ही सोय गेली आणि तिच्याबरोबर ती पानेही.

कापडांचा तक्ता वेगळ्या अभ्यासाचा विषय आहे. जुन्या तक्त्यांत सुती, लिनन, लोकर, रेयॉन. मग नायलॉन, डेक्रॉन. साठच्या दशकात इस्त्री न लागणारे कपडे आले आणि मशीनला त्यांच्यासाठी वेगळा खटका आला, कारण त्या कापडाला गरम धुलाईनंतर हळूहळू निववावे लागते. एकदम पिळले तर चुण्या कायमच्या बसतात. ज्यांनी गिरणीच्या सुती धोतरांवरून टेरिलीनच्या शर्टावर आलेला मुंबईचा काळ पाहिला आहे त्यांना या तक्त्यात तोच काळ रकान्यांत मांडलेला दिसेल. १९६३ मध्ये पॅरिसला कपड्यांवरच्या काळजीच्या चिन्हांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९७१ मध्ये अमेरिकेने कपड्यावर धुण्याची सूचना शिवणे सक्तीचे करणारा नियम केला. सूचना पुस्तिकेतून निघून मानेमागच्या पट्टीवर गेली. माझ्याकडच्या नंतरच्या पुस्तिकांत कापडाचे प्रकरण आक्रसत जाते. पट्टी पाहा, एवढेच उरते.

दुसरा टप्पा ‘करा’चा. इथे शिकवणे संपते आणि कौतुक सुरू होते. बटणे दिसू लागतात, मशीन गुलाबी, पिवळी, हिरवी होतात, आणि सीअर्सच्या वरच्या श्रेणीतल्या मशीनचे नाव ‘लेडी केनमोर’ असते. बटण दाबा, निघून जा. पुस्तिकेतली बाई आता हातात कपडा घेतलेली नसते. ती मशीनशेजारी हात टेकून उभी असते. तिला काही येत असावे असे चित्रातून वाटत नाही. हा अपमान इतका हसतमुख आहे की तो अपमान आहे हे कळायला मला चार-पाच पुस्तिका लागल्या.

याच काळात मशीनची दुसरी पुस्तिका वाचली तर फरक डोळ्यांत भरतो. प्रत्येक मशीनचे खरे तर दोन ग्रंथ असतात: एक घेणाऱ्यासाठी, दुसरा दुरुस्ती करणाऱ्यासाठी. पहिल्यात ‘उघडू नका’, दुसऱ्यात ‘उघडा’. पहिल्यात छायाचित्र, दुसऱ्यात नकाशा. पहिल्यातले ‘तुम्ही’ बाई, दुसऱ्यातले पुरुष, असे कुठेही लिहिलेले नसताना. कित्येक अमेरिकन मशीनच्या पोटात, पत्र्याच्या आड, वीजजोडणीचा कागद घडी घालून ठेवलेला असतो. ज्याच्या हाती पाना आहे त्यालाच तो दिसावा म्हणून. मेटॅगने १९६७ पासून एका रिकामटेकड्या मेकॅनिकची जाहिरात चालवली. आमचे मशीन बिघडतच नाही, म्हणून याला काम नाही, हा बिचारा एकटा, अशी ती गंमत. तो एकटेपणा सगळ्यांच्या लक्षात राहिला. तळघरात मशीनपाशी एकटी असलेल्या बाईची जाहिरात कोणी केली नाही.

२४ जुलै १९५९ रोजी मॉस्कोतल्या अमेरिकन प्रदर्शनात निक्सन आणि ख्रुश्चेव्ह मांडलेल्या नमुनेदार स्वयंपाकघराशी उभे राहून भांडले, ते प्रकरण प्रसिद्ध आहे. निक्सन यांनी मशीन दाखवून गृहिणींचे कष्ट हलके करण्याची भाषा केली, आणि क्षेपणास्त्रांपेक्षा धुलाई यंत्रांची स्पर्धा बरी असेही सुचवले. ख्रुश्चेव्ह यांनी स्त्रियांकडे पाहण्याची ही भांडवली दृष्टी आमच्याकडे नाही, असे उत्तर दिले. दोघांपैकी कोणी त्या मशीनमध्ये एक तरी सदरा कधी घातला असेल असे वाटत नाही. पण तो संवाद म्हणजे दुसऱ्या टप्प्यातल्या पुस्तिकांचे जाहीर वाचनच होते.

तिसरा टप्पा ‘करू नये’चा, आणि त्याचे कारण न्यायालयात आहे. सदोष वस्तूने इजा झाली तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही उत्पादक जबाबदार, हे तत्त्व कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये मान्य केले. १९६५ मध्ये ते अमेरिकन कायद्याच्या प्रमाणभूत संहितेत आले. धोक्याची सूचना न देणे हाही दोषच, हे त्याच्या पोटातून निघाले. त्यानंतर पुस्तिकांची पहिली पाने वकिलांची झाली. पेट्रोल लागलेले कपडे मशीनमध्ये घालू नयेत. मशीन टाकून देताना झाकण काढून टाकावे, म्हणजे खेळता खेळता मूल आत अडकणार नाही. आणि एक सूचना अशी, की मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छपाईची चूक वाटली: गरम पाण्याची व्यवस्था दोन आठवडे किंवा जास्त वापरली नसेल तर तिच्यात हायड्रोजन वायू साठलेला असू शकतो, म्हणून मशीन लावण्याआधी घरातले गरम पाण्याचे सगळे नळ काही मिनिटे सोडून ठेवावेत, आणि तोवर धूम्रपान करू नये, जाळ पेटवू नये. सूचना खरी आहे. पण ती वाचताना दोन आठवडे बंद असलेले घर दिसते, परत आलेले कुटुंब दिसते, आणि कपडे धुण्याआधी सगळे नळ एकदम वाहू लागलेले ऐकू येतात. गंमत अशी की वकिलाच्या हातून कधी कधी असे एखादे वाक्य निसटते, जे जाहिरात लिहिणाऱ्याला जमत नाही.

मात्र हा टप्पा वाचताना वाईट वाटते. पहिल्या टप्प्यात वाचणारी जाणकार होती, दुसऱ्यात नटवी, तिसऱ्यात ती संभाव्य फिर्यादी आहे. तिच्याशी बोलणे सुरू आहे ते पुढे तिने काही बोलू नये म्हणून.

ज्यांच्यामुळे या पुस्तिका आज मिळतात त्या संग्राहकांविषयी आता. अमेरिकेत जुनी स्वयंचलित मशीन जमवणारे, तळघरांतून उपसून आणणारे, कुजलेले रबर बदलून ती पुन्हा चालती करणारे लोक आहेत. कोलोरॅडोतल्या ईटन गावी ली मॅक्सवेल या वीजविषयाच्या निवृत्त प्राध्यापकांनी हजाराहून अधिक धुलाई यंत्रे जमवली, त्यांत हाताने फिरवायची फार. पण मला इथे म्हणायचे आहेत ते बेंडिक्सनंतरचे वेडे. त्यांच्या दृष्टीने पुस्तिका ही शोभेची वस्तू नाही. न्यूटन गावचा मेटॅगचा कारखाना २००७ मध्ये बंद झाला, तशा कितीतरी कंपन्या विकल्या-विरघळल्या. सुटे भाग नाहीत, विचारायला माणूस नाही. टायमरचा तक्ता हाती नसेल तर मशीन म्हणजे पत्र्याचा डबा.

टायमर हाच खरा ग्रंथ, असे मला वाटते. एक छोटी मोटर एक नळकांडे सावकाश, टप्प्याटप्प्याने फिरवते. नळकांड्यावर उंच-सखल कंगोरे असतात; उंचवटा आला की एखादा वीजजोड जुळतो, उतार आला की तुटतो. त्यावर पाणी सुरू होते, थांबते, मोटर फिरते, पंप ओढतो. धुण्याची अख्खी रीत प्लॅस्टिकच्या कडेवर कोरलेली. आणि वीज गेली तर? नळकांडे आहे तिथे राहते. तासाने, दोन तासांनी वीज आली की मशीन नेमके सोडलेल्या जागेवरून पुढे चालू लागते. महाराष्ट्राने भारनियमनाची वर्षे काढली आहेत. त्या काळात ज्यांच्याकडे जुन्या खटक्याचे मशीन होते त्यांना याचे मोल ठाऊक आहे. पुढच्या इलेक्ट्रॉनिक मशीनला हे लक्षात ठेवणे वेगळे शिकवावे लागले, आणि ते जाहिरातीत वैशिष्ट्य म्हणून छापले गेले.

संग्राहकांच्या आठवणी मी बऱ्याच वाचल्या आहेत. मला भेटलेल्यांतले बहुसंख्य पुरुष, आणि त्यांची आठवण जवळजवळ एकच: चार-पाच वर्षांचे मूल काचेच्या दारासमोर बसले आहे, आत कपडे फिरताहेत. त्यांना आवाज आठवतात. पाणी सुटतानाचा खट्, पिळण्याआधीची थोडी शांतता, मग चढत जाणारा सूर. रंग, झाकणाच्या बिजागरीचा आवाज, साबणाचा वास, सगळे. पण त्या आठवणींत कपडे कोणी घातले, हे फार थोड्या ठिकाणी येते. आई असते, पण चौकटीच्या कडेला. मी याला दोष म्हणून नोंदवत होते. आता तेवढी ठाम नाही. मुलाला हलणारी वस्तू दिसते, हलवणारी दिसत नाही, हे काही मशीनपुरते नाही.

स्वीडिश वैद्य आणि आकडेतज्ज्ञ हान्स रोसलिंग यांनी २०१० मधल्या एका भाषणात आपल्या घरी पहिले मशीन आले त्या दिवसाची गोष्ट सांगितली आहे. आजीने जन्मभर लाकडे पेटवून पाणी तापवून सात मुलांचे हाताने धुतले होते. ती खुर्ची घेऊन मशीनसमोर बसली आणि अख्खी धुलाई संपेपर्यंत पाहत राहिली. रोसलिंग यांच्या मते त्या मशीनमधून पुस्तके बाहेर आली, कारण आई आता त्यांना वाचनालयात नेऊ शकली. त्याच्या बरीच वर्षे आधी, १९८३ मध्ये, रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात उलट बाजू मांडली: यंत्रांनी श्रम हलके केले, पण वेळ वाचला नाही. परटाकडे, धुलाईवालीकडे जाणारे धुणे घरात परत आले, स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आठवड्यातून एका सोमवारी होणारे काम रोजचे झाले आणि ते एकटीवर पडले. मी दोघांनाही मानते. फक्त रोसलिंग यांच्या गोष्टीत जी खुर्चीत बसलेली आजी आहे ती मला कोणत्याच पुस्तिकेत सापडत नाही, आणि कोवनबाईंचे ‘एकटीवर’ हे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाही.

आपल्याकडे मशीन आले ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला. व्हिडिओकॉनचा कारखाना औरंगाबादजवळ, आयएफबीचा गोव्यात वेर्ण्याला; म्हणजे मराठी-कोकणी मुलखातच ही मशीन जुळवली जात होती. पण माझ्याकडे असलेल्या त्या काळच्या पुस्तिका इंग्रजीत आहेत. आणि त्यांतले ‘तुम्ही’ दोन बायकांत वाटलेले होते: एकीला इंग्रजी वाचता येत होते, दुसरी धुणे धूत होती.

माझ्या आईने १९९२ च्या उन्हाळ्यात मशीन घेतले. तिची पुस्तिका हा माझ्या संग्रहातला शेवटचा अंक. मुखपृष्ठ फाटले आहे. आईने सूचनांच्या कडेला पेन्सिलीने मराठी लिहिले आहे: ‘गोधडी नको’, ‘नळाला जोर नसेल तर वाट पाहणे’, ‘पावडर दीड चमचा पुरे’. तिची क्रियापदे ना ‘करा’ना ‘करावे’, ‘पाहणे’, ‘ठेवणे’. वहीतला हिशेब लिहावा तसे. आणि डायलवर तिने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले होते. एक ठिपका रोजचे कपडे, दोन ठिपके चादरी. ते आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशींसाठी होते. मावशींना वाचता येत नव्हते.

मावशींनी ठिपके किती दिवस पाहिले असतील कोण जाणे. महिन्याभरात त्या आवाजावर मशीन चालवू लागल्या. त्या ओट्यापाशी भांडी घासत असत आणि मोरीकडे न पाहता सांगत, “वहिनी, शेवटचं पाणी लागलं.” संग्राहकांच्या आठवणी वाचताना मला दर वेळी हे वाक्य ऐकू येई.

गेल्या वर्षी मी त्यांना भेटायला हडपसरला त्यांच्या मुलाकडे गेले. आता त्या कामाला जात नाहीत. मशीनचा विषय काढला तर त्यांनी ओठांनी सगळा क्रम करून दाखवला, पाणी सुटल्यापासून पिळून थांबेपर्यंत. मधली शांतताही सोडली नाही. घरी येऊन मी टायमरच्या तक्त्याशी ताडून पाहिले. एक विसळणे त्यांनी जास्त सांगितले होते. मग आठवले, आईला साबणाचा वास खपत नसे, म्हणून खटका एकदा मागे फिरवायची पद्धत होती.

मी सोबत पन्नासच्या दशकातली एक अमेरिकन पुस्तिका नेली होती, चित्रे दाखवायला. कॉलरला साबण चोळणाऱ्या हातांचे एक छोटे रेखाचित्र त्यात आहे. त्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हे बरोबर हाय. मशीनला कॉलर कळत न्हाई. मी आधी दगडावर घासूनच टाकायची. पँटीचं पाय पन.”

“मशीन आल्यावरसुद्धा?”

“मग! न्हाई तर वहिनी म्हनल्या असत्या, मशीन घेऊन काय उपेग.”

“आईला माहीत होतं?”

“त्या हापिसात असायच्या की.”

आईच्या पुस्तिकेत कॉलरचे पान नाही. १९९२ पर्यंत ते पान जगभरच्या पुस्तिकांतून आटत चालले होते. पण मागच्या बाजूला, जिथे दुकानाचा शिक्का मारतात त्याच्याखालच्या कोऱ्या जागेत, तिचे आणखी थोडे अक्षर आहे. मेकॅनिकचा फोन नंबर. हमीची मुदत. आणि त्याखाली: ‘मावशी, धुणे ८०’. ते ८० एका रेघेने खोडले आहे. पुढे ४०. त्यापुढे तारीख, १ जुलै.